टोक केलेल्या पेन्सिली

इ. स. १९०८ च्या सप्टेंबर महिन्यात लोकमान्य टिळकांना साबरमतीच्या तुरुंगातून हलवून ब्रह्मदेशातील मंडाले येथे नेण्यात आले. न्यायमूर्ती दावर यांनी सहा वर्षांच्या काळ्या पाण्याची शिक्षा त्यांना फर्मावली ती २२ जुलैच्या रात्री, म्हणजे त्यांना बावन्न वर्षे पूर्ण होण्याच्या आदल्या रात्री. आणि मधुमेहाने पोखरलेल्या देहाच्या, पन्नाशी उलटलेल्या माणसाला त्या काळी सहा वर्षांची मुदत म्हणजे उरलेले सगळे आयुष्यच होण्याचा संभव होता. ज्या लाकडी इमारतीच्या वरच्या मजल्यावर त्यांना ठेवले होते, तिच्या फटींतून उन्हाळ्याच्या झळा आणि धूळ यांना मज्जाव नव्हता. आपली भाषा बोलणारा माणूस म्हणजे स्वयंपाकासाठी दिलेला एक मराठी कैदी, एवढाच.

या सगळ्या तपशिलातून माझे मन नेहमी एका बारीकशा गोष्टीपाशी येऊन थांबते. प्रारंभी सरकारचा हुकूम असा होता की, एका वेळी चारांहून अधिक पुस्तके बंदिवानाने आपल्याजवळ ठेवू नयेत. पुढे अर्ज केल्यावर ही अट सैल झाली आणि सुटकेच्या वेळेपर्यंत त्या खोलीतला संग्रह साडेतीनशे-चारशे ग्रंथांपर्यंत वाढला. पण लेखनसाहित्यावरचा निर्बंध कायम राहिला. सुटे कागद मिळत नसत, पानांवर आकडे घातलेल्या बांधीव वह्या मिळत, म्हणजे एखादे पान नाहीसे झाले तर ते तत्काळ ध्यानात यावे. आणि शाई मुळीच मिळत नसे, मिळत त्या फक्त पेन्सिली, त्याही अगोदर टोक करून दिलेल्या. एवढ्या सामग्रीवर २ नोव्हेंबर १९१० ते ३० मार्च १९११ या सुमारे पाच महिन्यांत ‘गीतारहस्या’चा पहिला खर्डा पुरा झाला. जर्मन, फ्रेंच आणि पाली या भाषांचा अभ्यास याच खोलीत झाला, कारण मूळ ग्रंथ मुळातूनच वाचले पाहिजेत असा त्या विद्वानाचा बाणा होता.

हा मनुष्य दगडाचा होता असे मात्र कोणी समजू नये. १९१२ च्या जूनमध्ये पुण्यास त्यांच्या पत्नी सत्यभामाबाई वारल्या आणि तारेने ती वार्ता मंडालेस पोहोचली, तेव्हा एरवी कोणत्याही संकटाला स्थिर चित्ताने सामोरे जाणाऱ्या टिळकांनी घरी पाठविलेल्या पत्रात हा आघात फार जबर असल्याचे मान्य केले. अखेरच्या समयी आपण तिच्याजवळ नव्हतो, ही वेदना दृष्टिकोन बदलल्याने नाहीशी होण्यासारखी नव्हती, आणि ती नाहीशी झाली असा आव त्यांनी आणलाही नाही. १९१४ च्या जूनमध्ये मध्यरात्रीच्या सुमारास त्यांना पुण्यात त्यांच्या वाड्यापाशी आणून सोडण्यात आले. हस्तलिखित मात्र सरकारी दफ्तरात अडकून राहिले होते. ते परत न मिळाले तरी ग्रंथ आपल्या मस्तकात आहे आणि तो पुन्हा लिहून काढता येईल, असा धीर त्यांनी चिंता करणाऱ्या स्नेह्यांना दिल्याचे सांगतात. १९१५ च्या जूनमध्ये ग्रंथ छापून बाहेर पडला.

यावर वाचक म्हणतील की, हे लोकमान्यांचे झाले. आमच्यासारख्या सामान्यांना त्याचा काय उपयोग? शंका रास्त आहे. आपल्यापैकी बहुतेकांच्या दाराला बाहेरून कुलूप नसते. तरीही कचेरीच्या एकाच मेजाशी तीस वर्षे बसलेला कारकून, सासरच्या उंबऱ्याआड वीस वर्षे काढलेली गृहिणी, बापाने आखून दिलेल्या धंद्यात मन नसताना गुंतलेला मुलगा, यांना आपण कोंडले गेलो आहोत असे वाटते आणि त्यांचे ते वाटणे खोटे नसते. उलट त्याच कचेरीत, तशाच मेजाशी, तेवढ्याच पगारावर बसलेला दुसरा एखादा इसम सायंकाळी दप्तर बांधताना प्रसन्न असतो. भिंत तीच असून तिचा भार एकावर पडतो आणि दुसऱ्यावर पडत नाही, असे का व्हावे? बंध आणि मोक्ष या दोहोंचे कारण मनच होय, हा सिद्धान्त आपल्याकडे उपनिषत्काळापासून चालत आला असून कीर्तनकारांनी तो गावोगावी पोहोचविला आहे. सिद्धान्त खोटा नाही. परंतु तो इतक्या सुखवस्तू मुखांतून इतक्या दुःखी कानांवर पडलेला आहे की, त्याचा अर्थ नव्याने तपासल्यावाचून तो कोणाला सांगण्याचा अधिकार आपल्याला पोहोचत नाही असे मला वाटते.

तो तपासण्याचा प्रसंग विसाव्या शतकात एका माणसावर अत्यंत क्रूर रीतीने आला. व्हिएन्नाचे मनोविकारतज्ज्ञ व्हिक्टर फ्रांकल यांना, ते ज्यू असल्याच्या एकाच अपराधासाठी, १९४२ च्या सप्टेंबरात नाझी राजवटीने कुटुंबासह तेरेझिनश्टाटच्या छावणीत नेले. तेथून १९४४ च्या ऑक्टोबरात त्यांची रवानगी आउश्विट्झला झाली, आणि पुढे डाखाऊच्या अंमलाखालील काउफेरिंग व ट्युर्कहाइम या छावण्यांत त्यांना ठेवण्यात आले. अंगरख्यात लपवून नेलेले त्यांच्या ग्रंथाचे हस्तलिखित आउश्विट्झच्या दारातच गेले. वडील, आई, भाऊ आणि पत्नी, चौघेही नाझी छावण्यांत मृत्यू पावले. यांपैकी कित्येक गोष्टी त्यांना सुटकेनंतरच कळल्या.

फ्रांकल यांनी सोबतच्या बंद्यांकडे वैद्याच्या दृष्टीने पाहिले. भूक, थंडी आणि मार यांच्याइतकाच घातक असा एक घटक त्यांना आढळला तो हा की, छावणीच्या शिक्षेला मुदत नव्हती. मंडालेच्या कैद्याला सहा वर्षांची मुदत होती, दिवस मोजता येत होते. छावणीतल्या माणसाला आपण येथे एक महिना राहणार की दहा वर्षे, हे ठाऊक नव्हते, आणि ज्याला शेवट दिसत नाही त्याचे आजचे जिणेही हळूहळू विसविशीत होत जाते. मग माणसे आपण होऊन मुदत ठरवू लागत. नाताळपर्यंत घरी जाऊ, असे पुष्कळांनी मनाशी धरले होते, आणि १९४४ चा नाताळ येऊन गेला तेव्हा त्या एका आठवड्यात मृत्यूंचे प्रमाण एकाएकी वाढले. थंडी किंवा अन्न यांत तसा काही फरक पडलेला नव्हता. फ्रांकल यांच्या बराकीतल्या एका बंद्याला स्वप्नात ३० मार्च १९४५ ही सुटकेची तारीख ऐकू आली होती. तारीख जवळ आली, सुटकेचे चिन्ह दिसेना. २९ तारखेला त्याला ताप भरला, ३० तारखेला शुद्ध हरपली आणि ३१ तारखेला तो गेला. वरवर पाहता कारण टायफस हा सांसर्गिक ताप हे होते. परंतु ज्या आशेच्या आधारावर त्याचा देह त्या तापाशी झगडत होता ती आशा आदल्या दिवशी संपली होती, असे निदान फ्रांकल यांनी केले.

म्हणजे नुसती आशा तारत नाही, आणि चुकीच्या ठिकाणी टेकलेली आशा मारूही शकते. आशावाद हाच उपाय असे सांगणाऱ्यांनी हा प्रसंग नीट ध्यानात घ्यावा. मग फ्रांकल यांना कशाने तारले? योगायोगाने, हे ते स्वतः प्रथम सांगतात, आणि ते प्रामाणिकपणाचे आहे, कारण त्यांच्याइतकीच खंबीर माणसे त्या छावण्यांत हजारोंनी मारली गेली. परंतु जोवर जिवंत होते तोवर त्यांना आतून उभे ठेवणाऱ्या गोष्टींत एक गोष्ट अशी होती की, हरवलेला ग्रंथ त्यांना पुन्हा लिहावयाचा होता. १९४५ च्या मार्चमध्ये, त्यांच्या चाळिसाव्या वाढदिवशी, एका सोबत्याने त्यांना पेन्सिलीचा एक तुकडा आणि कोठून तरी मिळविलेले काही सरकारी नमुन्याचे छापील कागद भेट दिले, आणि अंगात ताप असताना त्या कागदांच्या पाठीवर लघुलिपीत ते आपला ग्रंथ टिपू लागले. मंडालेची पेन्सिल आणि ट्युर्कहाइमचा हा पेन्सिलीचा तुकडा, या दोहोंची आठवण मला एकत्रच येते.

मनाच्या या व्यापाराचा शास्त्रीय अभ्यास विसाव्या शतकाच्या उत्तरार्धात झाला, आणि त्याची कथा मोठी उद्बोधक आहे, कारण प्रयोग करणाऱ्यांना आपलाच निष्कर्ष पन्नास वर्षांनी उलटा फिरवावा लागला. १९६७ मध्ये अमेरिकेतील पेनसिल्व्हेनिया विद्यापीठात मार्टिन सेलिगमन आणि स्टीव्हन मायर यांनी कुत्र्यांवर एक प्रयोग केला, जो आजच्या नीतीला मानवणार नाही. काही कुत्र्यांना विजेचे धक्के बसत, पण डोक्याने एक फळी दाबली की ते थांबत. दुसऱ्या कुत्र्यांना तेवढेच धक्के तितकाच वेळ बसत, पण त्यांनी काहीही केले तरी ते थांबत नसत. दुसऱ्या दिवशी सर्वांना एका पेटीत ठेवले, जिच्या मधली बुटकी भिंत ओलांडली की धक्क्यांतून सुटका होत असे. पहिल्या गटातले कुत्रे चटकन् उडी मारून पलीकडे गेले. दुसऱ्या गटातले सुमारे दोन तृतीयांश कुत्रे जागच्या जागी बसून राहिले आणि सहन करीत राहिले; भिंत ओलांडण्याजोगी होती, पण ती ओलांडून पाहावी असे त्यांना वाटलेच नाही. यावरून प्राणी असहायता शिकतो, असा निष्कर्ष काढण्यात आला आणि ‘शिकलेली असहायता’ हा शब्दप्रयोग मानसशास्त्राच्या प्रत्येक पाठ्यपुस्तकात जाऊन बसला.

पुढे मेंदूच्या अंतर्व्यापाराचा मागोवा घेता येऊ लागल्यावर, २०१६ मध्ये याच दोघा संशोधकांनी जाहीर केले की, आपण वस्तुस्थिती उलटी वाचली होती. दीर्घकाळ चालणाऱ्या यातनेपुढे निश्चल होऊन बसणे हा सजीवाचा उपजत प्रतिसाद आहे. तो शिकावा लागत नाही. शिकावे लागते ते दुसरेच, म्हणजे माझ्या हालचालीने काही बदलते ही जाणीव. आणि ती एकदा शिकली गेली की मेंदूचा पुढचा भाग त्या उपजत अगतिकतेला आवर घालू लागतो. ज्या कुत्र्यांना फळी दाबण्याची संधी मिळाली होती, त्यांना पुढच्या नव्या संकटातही ते शिक्षण उपयोगी पडले.

या दुरुस्तीचे महत्त्व मला फार वाटते. आजवर आपण खचलेल्या माणसाला म्हणत आलो की, तू हा नैराश्याचा धडा चुकीचा शिकलास, तो विसर. आता असे दिसते की, तो बिचारा काही चुकीचे शिकलेलाच नव्हता; जे शिकावयाचे ते शिकण्याची संधी त्याला कोणी दिली नव्हती. दृष्टिकोन हा उपदेशाने बदलत नाही. कितीही लहान का असेना, पण जे आपल्या हातात आहे ते करून पाहिल्याने आणि त्याचा परिणाम डोळ्यांनी पाहिल्याने तो घडत जातो. पोहायला शिकणाऱ्याला पाण्यात उतरावे लागते, तसेच हे आहे. १९७६ मध्ये एलेन लँगर आणि जुडिथ रोडिन यांनी अमेरिकेतील कनेक्टिकट येथील एका वृद्धाश्रमात एका मजल्यावरच्या वृद्धांना आपल्या आवडीचे रोपटे निवडून त्याला स्वतः पाणी घालण्यास सांगितले, खोलीतील मांडणी आणि चित्रपट पाहण्याचा दिवस त्यांच्यावर सोडला. दुसऱ्या मजल्यावर रोपटी दिली, पण त्यांची निगा परिचारिकांनीच राखली. तीनच आठवड्यांत पहिल्या मजल्यावरील वृद्धांत अधिक तरतरी आणि समाधान दिसून आले. प्रयोग लहान होता आणि त्यावरून फार मोठी अनुमाने काढू नयेत. तथापि ज्याच्या घरी वृद्ध आई-वडील आहेत आणि प्रेमापोटी ज्याने त्यांच्या हातून प्रत्येक काम काढून घेतले आहे, त्याने या रोपट्यांचा विचार करावा.

पण या विषयाची सर्वांत समृद्ध कथा मला धुळ्याच्या तुरुंगात सापडते. १९३२ च्या कायदेभंगाच्या चळवळीत तेथे शेकडो सत्याग्रही कोंडले गेले होते. तुरुंगात धान्य दळण्याचे काम असे, आणि जाते ओढणे हा राजबंद्यांना अपमान वाटत असे. सक्तीचे दळण आम्ही दळणार नाही, असा त्यांच्यापैकी अनेकांचा पवित्रा होता. विनोबा भावे तेथे आल्यावर त्यांनी निराळाच विचार मांडला: हे पीठ खाणार कोण, तर आपणच आणि आपल्यासारखे इतर कैदी; तेव्हा हे काम सरकारचे म्हणून कशाला करावयाचे, आपले म्हणून करू. राजबंद्यांनी दळण आपणहून अंगावर घेतले, मग स्वयंपाकघरही हाती घेतले. जाते तेच राहिले, धान्यही तेच राहिले, तुरुंगाचा दरवाजाही एक तसूभर सरकला नाही. परंतु कालपर्यंत जे शिक्षेचे साधन होते ते आता आश्रमाचे काम झाले. विनोबांना एकांतकोठडीचाही अनुभव होता, आणि त्या चार हातांच्या जागेत येरझाऱ्या घालून ते मैलच्या मैल चालत असत. बाहेरच्या माणसाला ते दृश्य करुण वाटले असते. विनोबांना त्यात आश्रमातल्या दिनचर्येहून काही उणे वाटले नाही.

त्याच तुरुंगात २१ फेब्रुवारी ते १९ जून १९३२ या काळात दर रविवारी विनोबांनी भगवद्गीतेच्या एकेका अध्यायावर, अशी अठरा प्रवचने दिली. समोर बसलेल्या बंद्यांत साने गुरुजी होते, आणि ते बोलणे त्यांनी इतक्या वेगाने व इतक्या निष्ठेने टिपून घेतले की, आज भारतातील अनेक भाषांत वाचला जाणारा ‘गीता प्रवचने’ हा ग्रंथ त्या टिपणांतून सिद्ध झाला. एक बंदिवान बोलत होता आणि दुसरा लिहीत होता. दोघांपैकी कोणालाही त्या घटकेला आपण कैदेत आहोत याची आठवण राहिली असेल असे मला वाटत नाही. पुढच्याच वर्षी फेब्रुवारीत साने गुरुजींनी नाशिकच्या तुरुंगात अवघ्या पाच दिवसांत ‘श्यामची आई’ लिहिली. कोठडीत बसून हा मनुष्य कोकणातल्या पालगडच्या अंगणात आईच्या पदराशी वावरत होता.

जात्याचा विषय निघालाच आहे म्हणून थोडे विषयांतर करतो, जे खरोखर विषयांतर नाही. आपल्या आज्या-पणज्या पहाटे तीन-चार वाजता उठून जात्याशी बसत, आणि त्या कामाला सुटी नव्हती, मोबदला नव्हता, नाही म्हणण्याची सोय नव्हती. ते त्यांच्यावर लादलेले होते याविषयी शंका नको. पण घरातले पुरुष झोपलेले असत आणि सासूलाही जात्याच्या घरघरीत शब्द नीट ऐकू येत नसत, अशा त्या एका प्रहरात त्यांनी माहेर, भाऊ, पंढरीचा विठोबा, नवऱ्याचा राग, लेकीची पाठवणी, सगळे काही ओवीत गुंफले. एरवी ज्यांना तोंड उघडण्याची मुभा नव्हती, त्यांचे बोलणे जात्याला ऐकू आले. साने गुरुजींनी अशा ओव्या गावोगाव फिरून जमविल्या आणि ‘स्त्रीजीवन’ या नावाने प्रसिद्ध केल्या, हा मला योगायोग वाटत नाही. धुळ्याच्या जात्याने त्यांचा कान तयार केला असावा असा माझा तर्क आहे. खानदेशातच, आसोद्याच्या माहेरच्या आणि जळगावास नांदणाऱ्या बहिणाबाई चौधरी तरुणपणीच विधवा झाल्या, अक्षरओळख त्यांना नव्हती, शेत आणि घर यांपलीकडे त्यांना जग नव्हते. आणि तरीही त्या जगातून त्यांनी जी कविता काढली ती १९५१ मध्ये त्या गेल्यावर, १९५२ साली पुस्तकरूपाने प्रसिद्ध झाली तेव्हा विद्वान् चकित झाले. बहिणाबाईंना बंधने नव्हती असे कोण म्हणेल? त्या बंधनांचा अंमल त्यांच्या जिभेवर चालला नाही, एवढेच म्हणता येईल.

येथवर आल्यावर लेखणी थोडी जड होते. ज्या साने गुरुजींनी तुरुंगात स्वातंत्र्य अनुभवले, ज्यांनी पंढरपूरचे विठ्ठलमंदिर अस्पृश्य मानलेल्यांना खुले व्हावे म्हणून १९४७ मध्ये प्राणांतिक उपोषण केले आणि ते दार उघडून घेतले, त्याच साने गुरुजींनी स्वतंत्र भारतात, ११ जून १९५० रोजी आपली जीवनयात्रा स्वतः संपविली. गांधीजींच्या हत्येने आणि देशातील वातावरणाने ते खोलवर व्यथित झाले होते. त्या घटनेचे निश्चित कारण सांगण्याचा अधिकार कोणालाच नाही, आणि मी तर तो मुळीच घेणार नाही; परंतु दृष्टी बदला म्हणजे सुटाल, असे जो कोणी सोपेपणाने सांगू पाहील त्याने हे नाव आठवावे. दृष्टी हे एकदा मिळविले की जन्मभर पुरणारे वतन नव्हे. ती थकते, आजारी पडते. ज्याने शेकडोंना धीर दिला त्यालाही कोणीतरी जवळ बसून धीर देण्याची गरज असते. मनाचा अंधार दाटलेल्या माणसाला तत्त्वज्ञान ऐकविण्यापेक्षा त्याच्या शेजारी बसावे आणि त्याला वैद्याकडे न्यावे, हे अधिक शहाणपणाचे व अधिक मायेचे आहे.

दुसराही एक धोका आहे, आणि त्याचे उदाहरण आपल्याच महाराष्ट्रात आहे. १९२३ मध्ये मुंबई कायदेमंडळात सीताराम केशव बोले यांचा ठराव संमत झाला की, सरकारी खर्चाने चालणारे पाणवठे, धर्मशाळा इत्यादी स्थाने अस्पृश्य वर्गास खुली असावीत. त्याला अनुसरून १९२४ मध्ये महाडच्या नगरपालिकेने चवदार तळे खुले केल्याचा ठरावही केला. म्हणजे दप्तरात दार उघडले होते. तरीही २० मार्च १९२७ रोजी डॉ. बाबासाहेब आंबेडकर हजारो अनुयायांसह तळ्यावर जाऊन ओंजळभर पाणी पिईपर्यंत ते पाणी व्यवहारात बंदच होते. आता कोणी म्हणेल, पाहा, दार उघडे असताना हे लोक आत जात नव्हते. बंधन मनातच होते. असे म्हणणे निव्वळ अन्याय होय. त्या दिवशी पाणी पिऊन परतणाऱ्या लोकांवर हल्ले झाले, त्यांची डोकी फुटली, आणि पुढे तळ्याचे ‘शुद्धीकरण’ करण्यात आले. प्रकरण न्यायालयात गेले व अखेरचा निकाल लागावयास १९३७ साल उजाडले. भीती काल्पनिक नव्हती, भिंत काल्पनिक नव्हती. बाबासाहेबांनी आपल्या माणसांना जी दृष्टी दिली ती भिंत सुसह्य करून घेण्याची नव्हती. आपण माणूस आहोत, या पाण्यावर आपला हक्क आहे, आणि ही भिंत माणसांनी बांधलेली असल्यामुळे माणसांना ती पाडता येते, असे पाहावयास त्यांनी शिकविले. ज्या दृष्टिकोनाने माणूस जुलमाशी जुळवून घेतो आणि ज्या दृष्टिकोनाने तो ओंजळ पुढे करतो, ते दोन्ही दृष्टिकोनच आहेत. पण त्यांना एकाच नावाने हाक मारणे मला मान्य नाही.

म्हणून माझे मत असे बनले आहे की, मन मोकळे असेल तर बेडीचा जाच होत नाही, हे वाक्य बंदिवानाने स्वतःशी म्हणावे; किल्ली ज्याच्या कमरेला आहे त्याने ते उच्चारू नये. टिळकांनी ते म्हटले तर ती साधना होय, न्यायमूर्तींनी म्हटले असते तर ती निर्दयता झाली असती. सून जात्यावर ओवी गाते यावरून तिला दळणाची हौस आहे असा अर्थ सासरच्यांनी काढावयाचा नसतो. भिंतीच्या बाहेर उभे असलेल्या आपल्यासारख्यांचे काम दोनच प्रकारचे आहे: भिंत अन्यायाची असेल तर ती पाडण्यास हातभार लावणे, आणि ती उभी आहे तोवर आत असलेल्याच्या हाती काहीतरी असे देणे की, ज्याने त्याला आपल्या हालचालीचा परिणाम पाहता येईल.

हे लिहिताना माझ्यासमोर आजचे तुरुंग आहेत. २०२२ च्या सरकारी आकडेवारीनुसार भारतातील तुरुंगांत असलेल्या बंद्यांपैकी सुमारे तीन चतुर्थांश कच्चे कैदी आहेत, म्हणजे ज्यांचा गुन्हा अद्याप शाबीत झालेला नाही असे. त्यांच्यापैकी पुष्कळांना जामीन मिळत नाही किंवा मंजूर झालेल्या जामिनाची रक्कम भरण्याची ऐपत नसते. मंडालेच्या कैद्याला मुदत ठाऊक होती. यांना ती ठाऊक नाही. यांना फक्त तारीख असते. एक तारीख पडते, मग दुसरी पडते, खटला तहकूब होतो, आणि फ्रांकल यांनी वर्णिलेले ते शेवट न दिसणारे जिणे कोणत्याही युद्धावाचून आपल्या जिल्ह्याच्या ठिकाणी, आपल्या घरापासून चार-दोन कोसांवर चालू राहते. त्यांना दृष्टिकोनावर व्याख्यान देण्याची माझी हिंमत नाही. त्यांचा निकाल लवकर लागावा म्हणून आवाज उठविणे हे नागरिकांचे पहिले कर्तव्य, आणि ते वकील, न्यायाधीश व लोकप्रतिनिधी यांच्यावर सोपवून मोकळे होण्याजोगे नाही.

परंतु त्याच्या जोडीला एक लहानसे काम असे आहे की जे या आठवड्यातही करता येईल. तुरुंगांतून वाचनालये असतात, पण ती बहुधा दुबळी असतात. मराठीतली चांगली, धडधाकट बांधणीची पुस्तके, कोरी वह्या, अक्षरओळख करून देणारी अंकलिपी, यांची तेथे वाण पडते. आपल्या जिल्ह्याच्या कारागृहाच्या अधीक्षकांना एक पत्र लिहून, कोणती पुस्तके स्वीकारली जातात आणि ती कोणत्या रीतीने पोहोचवावीत याची विचारणा करावी, आणि आपल्या कपाटातून निवडून पाच पुस्तके काढावीत. त्यांत ‘श्यामची आई’ची एक प्रत असू द्यावी. परवानगी मिळत असेल तर सोबत डझनभर पेन्सिलीही द्याव्यात, टोक करून.